अकरा व्होल्ट आणि एकोणतीस टक्के

मराठी विभागासाठी लेख दे, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मी सरळ हात वर केले होते. माझी शाळा दहावीपर्यंत कॉन्व्हेंट. मराठी म्हणजे घरात बोलायची आणि परीक्षेत काठावर पास व्हायची भाषा. ऱ्हस्व-दीर्घाशी आजही माझं पटत नाही. पण ती म्हणाली, "कविता अकरा आल्यात, त्यातल्या सात पावसावर. टेक्निकल एकही नाही. तू ते चार्जरचं लिही ना!"

चार्जरचं म्हणजे काय, ते लेडीज हॉस्टेलमध्ये सगळ्यांना माहीत आहे. बॉईज हॉस्टेलपर्यंत जी आवृत्ती पोचली आहे तिच्यात स्फोट आहे, आग आहे आणि रेक्टर मॅडमना चक्कर आली असंही आहे. मित्रांनो, तसं काहीही झालं नव्हतं. जे झालं ते फार शांतपणे झालं, आणि म्हणूनच लिहिण्यासारखं आहे.

जुलैमध्ये कॅम्पसचा ट्रान्सफॉर्मर गेला आणि सलग दोन दिवस लाईट नव्हती. जनरेटरवर फक्त पाण्याचा पंप आणि कॉरिडॉरच्या ट्यूब. रेक्टर ऑफिसमधल्या एका बोर्डावर फोनची रांग लागली होती. माझ्याकडे यूपीएसमधून काढलेली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी पडून होती. ईएनटीसीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीने अशा वेळी काय करावं? तिने ७८०५ शोधावा!

ज्यांची ब्रँच वेगळी आहे त्यांच्यासाठी: ७८०५ हा तीन पायांचा व्होल्टेज रेग्युलेटर. एका पायात जास्त व्होल्टेज द्यायचं, मधला पाय ग्राऊंड, तिसऱ्या पायावर ५ व्होल्ट मिळतात. इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की झालं. यूएसबीलाही ५ व्होल्टच लागतात, म्हणजे बाजारातून फक्त यूएसबीचं सॉकेट आणायचं. अर्ध्या तासात बॉक्स तयार झाला. मीटर लावला, ४.९८ व्होल्ट. मी खूश, फ्लोअर खूश.

एक मात्र खरं, चार्जिंग फार हळू होत होतं. त्याचं कारण मला माहीत होतं (आणि माहीत नसतं तर बरं झालं असतं). यूएसबीमध्ये चार तारा असतात. लाल ५ व्होल्टची, काळी ग्राऊंड, पांढरी आणि हिरवी डेटाच्या. फोन चार्जरला जोडला की आधी या दोन डेटा तारा चाचपतो. त्या आपसात जोडलेल्या दिसल्या तर समोर कॉम्प्युटर नसून भिंतीवरचा चार्जर आहे असं तो समजतो आणि जास्त करंट ओढतो. २०१० च्या यूएसबी बॅटरी चार्जिंग स्पेसिफिकेशनप्रमाणे अशा पोर्टमधून दीड अँपिअरपर्यंत घेता येतो. डेटाच्या तारा मोकळ्या ठेवल्या की तो भीतभीत थोडासाच घेतो. म्हणून मी त्या दोन पिना सोल्डरच्या एका थेंबाने जोडून टाकल्या. करंट एकदम ०.९ अँपिअरवर गेला. टाळ्या!

आता गणित बघा, जे मी तेव्हा केलं नाही. बॅटरी १२.६ व्होल्ट, आउटपुट ५. मधले ७.६ व्होल्ट कुठे जातात? उष्णतेत. ७.६ गुणिले ०.९, म्हणजे जवळजवळ ७ वॅट त्या नखाएवढ्या तुकड्यात. हीटसिंक नसेल तर ७८०५ एका वॅटला साधारण ६५ अंशांनी तापतो असं डेटाशीट सांगतं. माझ्याकडे हीटसिंक होता, पण तो म्हणजे ॲल्युमिनियमची एक पट्टी. बॉक्स एवढा तापला होता की एकीने त्याच्यावर ओले मोजे ठेवले. ७८०५ जास्त तापला की स्वतःच बंद होतो, म्हणून मला त्याची भीती नव्हती. पण माझं सोल्डरिंग स्वतःला वाचवत नाही. मधल्या पायाचं, म्हणजे ग्राऊंडचं, सोल्डर ड्राय होतं. वरून चकचकीत, आतून धरलेलंच नाही.

रात्री आठच्या सुमारास मेसच्या मावशी आल्या. "पोरी, माझा पण लाव गं जरा. एकोणतीस टक्के आहे बघ." मी वहीत ३९ लिहिलं. स्क्रीन बघितलीसुद्धा नाही. भोवती आठ जणी उभ्या होत्या आणि मी हॉस्टेलची एडिसन होते. फोन लावला, चार्जिंगची खूण आली. पाच मिनिटांनी बॅटरी जरा सरकवली तेव्हा वायर ताणली गेली, आणि खूण गेली. ना आवाज, ना धूर. फक्त गरम प्लास्टिकचा किंचित वास.

फोन काढून सॉकेटवर मीटर लावला. ११.३ व्होल्ट.

ग्राऊंडचा पाय सुटला होता. बाकी दोन पाय जागेवर आणि फक्त ग्राऊंड तुटला की ७८०५ ला पाच म्हणजे किती हे मोजायला आधारच उरत नाही, आणि आउटपुट जवळजवळ इनपुटएवढं होतं. हे काही माझं संशोधन नाही. डेटाशीटमध्येच लिहिलेलं आहे की असं झालं तर पुढच्या सर्किटला धोका आहे. आपण डेटाशीट उघडतो ती पिनांचं चित्र बघायला. पुढची पानं कोण वाचतं? त्याच डेटाशीटमध्ये हेही दिसतं की ७८०५ च्या पाठीचा धातूचा टॅब आतून ग्राऊंडलाच जोडलेला असतो. टॅबच्या स्क्रूला एक जादा तार लावून ती बॅटरीच्या निगेटिव्हला नेली असती तर मधला पाय सुटूनही काही बिघडलं नसतं. दोन इंच तार!

मावशींना मी फोन परत दिला आणि म्हणाले, "मावशी, माझी बॅटरी उतरली. उद्या लाईट आली की लावा, होईल." हे वाक्य मी न अडखळता बोलले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाईट आली. रात्री मावशी फोन घेऊन वर आल्या. "लावला पण घेत नाही. तुझ्याकडे लागला होता ना? बघ बरं." फोन चालू होता, बॅटरी १४ टक्के. आणि जाता जाता म्हणाल्या, "बारशाचा व्हिडिओ आहे त्यात. जावयाचा फोन पाण्यात गेला, आता याच्यातच राहिलाय."

इथून पुढचं नीट वाचा. हॉस्टेलमध्ये "फोन चार्ज होत नाही" हे वाक्य रोज कुणीतरी म्हणतं, आणि त्यातल्या बहुतेक वेळा कारण फार साधं असतं. मी तीच साधी कारणं आधी तपासली. खरं सांगायचं तर, खरं कारण तेच निघू नये म्हणून तपासली.

आधी केबल. दुसरी केबल लावून बघा, हे सगळे सांगतात, पण का ते कोणी सांगत नाही. स्वस्त केबलमधली तार २८ गेजची असेल तर तिचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.२१ ओहम. करंट जातो एका तारेने आणि परत येतो दुसरीने, म्हणजे ०.४३. एक अँपिअर ओढला की एका मीटरच्या केबलमध्येच ०.४३ व्होल्ट खर्च, आणि फोनला मिळतात ४.५७. दोन मीटरची लांब केबल (जी आपण कॉटवर पडून फोन बघता यावा म्हणून घेतो) त्याच्या दुप्पट खाते. मग फोन करंट कमी करतो आणि आपण बॅटरीला शिव्या देतो. जाड आणि आखूड केबल घ्या, एवढंच.

मग पोर्ट. जीन्सच्या खिशातला कापूस आणि धूळ पोर्टच्या तळाशी दाबून बसते, पिन पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हळूच काढा. सेफ्टी पिन अजिबात नको. टाइप-सीच्या मधल्या पातळ पट्टीवर सगळे काँटॅक्ट असतात, ती तुटली की पोर्टच बदला. पावसाळ्यात पोर्ट ओला असेल तर तो पूर्ण वाळेपर्यंत काहीही लावू नका. फोन तांदळात पुरू नका, पोर्टमध्ये पीठ जातं.

फोन पूर्ण मेलेला असेल तर घाई करू नका. लिथियम सेल खूप उतरला की चार्जिंगची आयसी त्याला आधी अगदी थोडा करंट देते, आणि सेल थोडा वर आला की मगच पूर्ण देते. तोपर्यंत स्क्रीन काळीच. अर्धा तास चांगल्या चार्जरवर ठेवा आणि जेवून या. आणि बॅटरी फुगली असेल, मागचं झाकण उचललं गेलं असेल, तर तिथेच थांबा. दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका.

टाइप-सीवाल्यांसाठी एक जादा गोष्ट. घरी केलेल्या बॉक्सला टाइप-सीचं सॉकेट लावलं आणि दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलने फोन जोडला, तर बहुतेक फोन ढिम्म राहतात. फोनच्या बाजूला सीसी नावाच्या पिनांवर ५.१ किलोओहमचे रेझिस्टर ग्राऊंडला असतात, आणि चार्जरच्या बाजूने रेझिस्टर ५ व्होल्टकडे लागतो. तो नसेल तर समोर कुणी आहे हेच फोनला कळत नाही. त्यात फोनचा दोष नाही.

मावशींच्या फोनची केबल बदलली. पोर्ट साफ केला, थोडं कणकेचं पीठ निघालं. काही नाही. मग माझ्या लक्षात एक गोष्ट आली, जी मी आधीच बघायला हवी होती. हा फोन जोडला की चार्जरचा लाल दिवा विझत होता. काढला की पेटत होता. तोच चार्जर, तीच केबल माझ्या फोनला लावली तर व्यवस्थित. माझ्या रूम पार्टनरने शहाणपणा करून तो फोन तिच्या लॅपटॉपला लावला आणि स्क्रीनवर पॉवर सर्जचा मेसेज आला. (हे करू नका. लॅपटॉपचा पोर्ट वाचला ते त्याच्या नशिबाने.)

ज्या फोनला करंट मिळत नाही आणि जो फोन चार्जरलाच खाली बसवतो, हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात वाट कुठेतरी तुटलेली असते. दुसऱ्यात वाट मध्येच ग्राऊंडला चिकटलेली असते, म्हणजे शॉर्ट. नक्की करायला मी दोन्ही फोन बंद केले, केबल फोनमध्ये घातली आणि दुसऱ्या टोकाच्या चपट्या यूएसबी पिनच्या बाहेरच्या दोन पट्ट्यांवर मीटर ओहममध्ये लावला. त्या दोन म्हणजे ५ व्होल्ट आणि ग्राऊंड. माझ्या फोनवर आकडा चढत चढत किलोओहममध्ये गेला. मावशींच्या फोनवर १.६ ओहम, आणि तिथेच थांबला. मीटरच्या वायरी आणि केबल वजा केली तर एक ओहमसुद्धा नाही.

पण फोन चालू आहे! मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचा पुरावा हाच होता, आणि तो पहिल्यापासून माझ्या हातात होता. पोर्टपासून बॅटरीपर्यंतच्या रस्त्यात मध्ये चार्जिंगची आयसी बसलेली असते. तिच्या पलीकडे, बॅटरीच्या बाजूला शॉर्ट असता तर फोन चालूच झाला नसता. म्हणजे शॉर्ट अलीकडे आहे, पोर्ट आणि आयसीच्या मधल्या त्या थोड्याशा जागेत. तिथे असतं काय? कपॅसिटर, आणि बऱ्याच फोनमध्ये एक टीव्हीएस डायोड. हा द्वारपालासारखा असतो. एरवी गप्प. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की स्वतः वाहायला लागतो आणि जादा ताण ग्राऊंडला पोचवतो. पण त्याला क्षणभराचे झटके सोसायला केलेलं असतं. सतत अकरा व्होल्ट मिळाले की तो तापून जळतो, आणि जळताना बहुधा शॉर्ट होऊनच जातो. स्वतः आडवा पडून दार बंद करतो म्हणा ना.

एवढं सगळं जुळत होतं, फक्त एक आकडा जुळत नव्हता. ३९ वरून एका दिवसात १४? मावशींचा फोन दिवसभर नुसता डब्यांच्या फळीवर पडलेला असतो. म्हणजे बॅटरी आतून गळते आहे? म्हणजे आयसीसुद्धा गेली? या प्रश्नावर मी एक तास घालवला. सर्किट डायग्राम शोधला, अर्धाच समजला, रडू यायला लागलं. शेवटी साडेदहाला खाली मेसमध्ये गेले. मावशी दुसऱ्या दिवसाची मटकी निवडत होत्या.

"मावशी, काल फोन दिला तेव्हा एकोणचाळीस होते ना?"

"एकोणतीस गं. तिसाला एक कमी. काय शिकवतात तुमच्या शाळेत?"

२९ वरून १४. पंधरा टक्के, एका दिवसात. अगदी बरोबर! काहीही गळत नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी तिथेच बाकावर बसले आणि मग बाकीचं सगळं सांगितलं. अकरा व्होल्ट, ड्राय सोल्डर, आणि बॅटरी उतरली असं खोटं बोलले ते. मावशींनी मटकी बाजूला ठेवली. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "व्हिडिओ राहील का?"

"राहील. आत्ता काढून घेते."

"मग काढ. आणि आधी जेव, तू आज जेवली नाहीस. रजिस्टरमध्ये सही नाही तुझी."

केबल चालत नसताना डेटा काढायचा तर वाय-फाय. ब्राइटनेस अगदी खाली, सिमकार्ड बाहेर, बाकी ॲप बंद. आधी व्हिडिओ, मग फोटो, मग आधार आणि रेशन कार्डाचे फोटो. क्रम महत्त्वाचा, कारण फोन मध्येच बंद पडला तर जे आधी घेतलं तेच आपलं. शेवटी ८ टक्के राहिले. फोन बंद केला. बारशाचा व्हिडिओ लॅपटॉपवर पूर्ण चालवून बघितला. फाईल आली आहे आणि फाईल चालते आहे, या दोन गोष्टी वेगळ्या. बाळाचं नाव कळलं, आणि पाळण्याची चार कडवीही ऐकली.

सकाळी स्टँडजवळच्या रिपेअरवाल्या दादांकडे गेले. त्यांनी पोर्ट बघितला आणि म्हणाले, "चार्जिंग जॅक बदलावा लागेल." नव्वद टक्के फोनमध्ये तेच असतं, त्यांची चूक नाही. मी म्हणाले, "दादा, याला अकरा व्होल्ट गेलेत. मीच दिलेत." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मीटर लावला. मीटर बीप करून ओरडला. त्यांनी जॅक परत ठेवून दिला.

पुढे जे केलं ते मला तीन वर्षांत कुठल्या लॅबमध्ये बघायला मिळालं नव्हतं. बोर्ड बाहेर काढून त्यावर राळेचा धूर सोडला. सोल्डरिंगची राळ गरम टोकावर धरली की धूर येतो, तो बोर्डवर पांढऱ्या थरासारखा बसतो. मग पॉवर सप्लायमधून त्या लाईनला जेमतेम एक व्होल्ट दिला. शॉर्ट झालेला पार्ट करंट ओढतो, तापतो, आणि फक्त त्याच्यावरची राळ वितळून काळा ठिपका दिसतो. पोर्टच्या बाजूला, तांदळाच्या कणीएवढा. दादांनी हॉट एअरने तो काढला, मीटर गप्प झाला. त्याच्याशिवायही फोन चार्ज व्हायला लागला, पण दादा म्हणाले तसं देणार नाही, आणि एका जुन्या बोर्डवरून तसाच पार्ट काढून लावला. साडेतीनशे रुपये. पाण्यात पडलेल्या आणि लहान पोरांनी पाडलेल्या फोनबद्दल लोक त्यांच्याशी कसं खोटं बोलतात, हेही ऐकायला मिळालं. मी चहा पीत मान हलवत होते.

नवीन बॉक्स सप्टेंबरमध्ये केला. आता त्यात ७८०५ नाही. बॅटरीतली साठ टक्के ऊर्जा नुसती तापवण्यात घालवणं परवडत नाही, म्हणून एलएम२५९६ चा स्विचिंग मॉड्यूल लावला आहे. बॅटरीच्या तारेत आधी फ्यूज. फ्यूजच्या पुढे एससीआर आडवा, आणि त्याच्या गेटला आउटपुटवरून ५.६ व्होल्टचा झेनर. आउटपुट साडेसहाच्या आसपास गेलं की एससीआर चालू होतो, बॅटरी शॉर्ट होते, फ्यूज उडतो. दोन रुपयांचा फ्यूज. पहिल्या दिवशी मी मुद्दाम आउटपुट वाढवून तो चार वेळा उडवला आणि फोन मात्र एकही लावला नाही. मोकळ्या सॉकेटवर ५ व्होल्ट दिसण्याला फारसा अर्थ नसतो, म्हणून १० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावून अर्धा अँपिअर ओढत अर्धा तास ठेवला, आणि त्या वेळात प्रत्येक वायर हाताने हलवून मीटरकडे बघितलं. ही हलवायची आयडिया लॅब असिस्टंट काकांची. जुन्या बॉक्समधला तो सुटलेला पाय त्यांनी भिंगाखाली बघितला आणि काही न बोलता मला सोल्डरिंगचे वीस जॉइंट करायला बसवलं.

मागच्या महिन्यात परत लाईट गेली. मावशी वर आल्या, पदराला हात पुसत. फोन लगेच दिला नाही.

"मीटर लाव आधी."

लावला. ५.०२. त्यांनी चष्मा वर करून आकडा बघितला, मग फोन माझ्या हातात दिला.

"अठ्ठावन्न टक्के आहे," त्या म्हणाल्या, "पाच आणि आठ. लिही."